चाळणीबाईंचे लाल बूट

चूक चाळणीबाईंचीच होती. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी तपासायला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कोण जातं? बाई गेल्या. कारखान्याचे मालक असलेल्या दाजींनीच बोलावलं होतं, "निवांत बघता येईल," म्हणून. पहारेकरी काकांचे पांढरे गमबूट उसने घेऊन त्या मागच्या नाल्यात उतरल्या. पाणी नितळ, बूट पांढरेशुभ्र. बाई खूश.

कुठल्या उद्योगाचं कुठलं काम नियमांच्या वर्गवारीत 'हरित' धरायचं, हे तपासून अहवाल लिहून देणं हा बाईंचा व्यवसाय. वीज वाचवली पण पाणी नासवलं, की ते काम बाद. मालकमंडळी सगळा धंदाच हिरवागार म्हणून पुढे करत आणि बाई खरं तेवढंच चाळून ठेवत. म्हणून हे नाव. दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना मात्र त्यांनी लिहून दिलं : 'नवी यंत्रं हरित. पाण्याला अपाय नाही.' अहवाल कर्जासाठी बँकेत गेला.

बूट राहिले स्कूटरच्या डिकीत. ते परत करायला बाई गेल्या, तेव्हा कारखाना धडधडत होता.

"बाई, आज मागं नका जाऊ," काका म्हणाले.

"का? आज सुट्टी आहे?"

"नाही ना. म्हणून तर म्हणतोय."

बाईंनी तिथंच बूट चढवले. परत आल्या त्या पोटऱ्यांपर्यंत लाल होऊन, आणि तशाच दाजींच्या केबिनमध्ये शिरल्या.

"अगं, गालिचा!"

"गालिचा धुता येईल, दाजी. नाला कोण धुणार?"

"सगळेच सोडतात पाणी. पाणी शुद्ध करायची टाकी चालवायची म्हणजे खर्च किती, माहितेय?"

"सगळ्यांच्या अहवालावर माझी सही नाहीये. मी तो मागे घेतेय."

दाजींनी लगोलग ताईला फोन लावून बाईंच्या हातात दिला. "अगं, ते कर्ज गेलं तर सगळंच अडेल," ताई रडवेली झाली. "बघ ना काहीतरी."

"आधी बघितलं नव्हतं, तेच चुकलं. आता बघितलंय, ताई."

"आणि बँकेला काय सांगशील?" दाजी फिस्कारले. "सुट्टीच्या दिवशी तपासणी केली म्हणून? लोक हसतील तुला!"

"हसू देत. ठळक अक्षरांत लिहिते."

"मेहुणी म्हणून सांगतोय—"

"मेहुणी घरी भेटेल. इथं चाळणी उभी आहे. टाकी सुरू करा, कामाच्या दिवशी बोलवा, मी स्वतः येऊन नवा अहवाल लिहीन. तोवर तुमची यंत्रं हरित नाहीत, म्हणजे नाहीत!"

आणि गालिच्यावर उभ्या उभ्याच त्यांनी फोनवरून बँकेला तसं कळवून टाकलं.

तेव्हापासून ताईचा फोन नाही. आणखी दोन मालकांनी दुसरा सल्लागार गाठला. बाईंनी बूट घासघासून पाहिले, लाली हटेना. शेवटी ते ऑफिसात, येणाऱ्या मालकाच्या खुर्चीसमोरच मांडून ठेवले.

परवा पहारेकरी काका वाटेत भेटले. "बाई, माझे बूट?"

"नवे आणून देऊ, काका?"

"नको. तेच पायाला बसलेत माझ्या."

"मग थांबा जरा. अजून कामावर आहेत ते."