पेवाच्या तोंडावर

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर जोतीराम हमालाचा एक नेम होता. जमिनीखालचं बंद पेव उघडलं, की आधी कंदील सोडायचा. तो तेवला तरच माणूस उतरणार.

त्रेचाळीस साली भूमिगतांच्या बंदुका शोधत फौजदार पेवांवर आला. कंदील खाली गेला. वारा नव्हता, तरी कुणी फुंकर घालावी तसा विझला. त्या अंधारातून कोंदट ऊब वर आली.

फौजदारानं शिपायाला फर्मावलं, "उतर." शिपायानं कमरेला दोर बांधला.

याच शिपायानं जोतीरामच्या पोराला, मानसिंगला, चावडीवर फोडून काढलं होतं. शेजारचा भाऊसो कुजबुजला, "जाऊ दे की रं. आपल्या पायानं चाललंय."

जोतीरामनं पेवाच्या अरुंद तोंडावर फळी टाकली आणि वर बसला. पाठीवर छडी बसली, तरी हलला नाही.

"सायेब, आत वारं मेलंय. माझ्या पेवात मानूस मरायचा न्हाई. मग कुनाचा बी असंना."

"मग तू उतर."

"मी बी न्हाई. उद्या दिवा तेवला, तर म्होरं मीच."

फळीखालून सुस्कारा आल्यासारखं वाटलं. शिपायानं कमरेचा दोर सोडला आणि तो जोतीरामशेजारी येऊन बसला.