हॅनोव्हरचा तटस्थ पंच

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, आणि ज्या मित्रांसमोर मी जगातल्या प्रत्येक अन्यायावर तोंड वाजवतो त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. भित्रा माणूस सोयीचीच जागा शोधतो.

साठच्या दशकाची सुरुवात. पुण्याहून हॅनोव्हरला डॉक्टरेट करायला गेलो होतो. काय तो तोरा! बंद गळ्याचा कोट, अलिप्त देशाचा नागरिक. आम्ही भारतीय पोरं तिथे स्वतःला जगाचे पंच समजायचो. रशिया-अमेरिकेचं भांडण असो नाहीतर न्हाणीघरातल्या गरम पाण्याचं — आम्ही मधे, हनुवटी वर. वसतिगृहाने मलाच विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी केलं. मला वाटलं, माझ्या अकलेमुळे. कसली अक्कल, डोंबल! वॉर्डन काहीही बोलला की मी 'गेनाऊ' म्हणायचो — अगदी बरोबर. तेवढीच माझी लायकी.

शेजारच्या खोलीत नबील राहायचा. पॅलेस्टिनी, हैफाचा. अठ्ठेचाळीस साली, बारा वर्षांचा असताना, घर सुटलं. आईवडील लेबनॉनमध्ये निर्वासितांच्या छावणीत. त्याच्या कागदांवर देशाच्या रकान्यात 'देशहीन' असं लिहिलेलं होतं. वसतिगृहाचा पत्ता होता म्हणून त्याला जर्मनीत राहायचा परवाना मिळायचा. पत्ता गेला की परवाना गेला — हे त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणजे, मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

महिन्यातून एका रविवारी दुपारी कॉफीच्या वेळेला एकेका देशाचा कार्यक्रम व्हायचा. भिंतीवर नकाशा, टेबलावर तिथलं खाणं. भारताच्या रविवारी मी बटाटेवडे केले. बटाटे सगळे नबीलने सोलले. मग त्याने आपला रविवार मागितला. वॉर्डन म्हणाला, असा देश यादीत नाही. मी पंच ना! तोडगा काढला — नकाशा लावू नकोस, नुसता बोल. नबीलने नकाशा गुंडाळून ठेवला आणि बरं म्हणाला. मला केवढं कौतुक वाटलं, स्वतःचं.

नबीलच्या रविवारी ग्रंथालयातल्या फ्राऊ रोझेन्थाल आल्या. ज्यू. तरुणपणी इथून जीव वाचवून हैफाला गेल्या. मागे राहिलेले दोन्ही भाऊ मारले गेले. नवरा वारल्यावर परत आल्या होत्या. त्या आणि नबील इंग्रजीत भांडले. त्या म्हणाल्या, सगळ्या जगाने आमच्या तोंडावर दारं लावली, झायनवाद्यांनी तेवढं एक उघडलं. तो म्हणाला, ते दार आमच्या घराचं होतं. आवाज चढले. माघार कुणीच घेतली नाही. आणि मग बोलता बोलता निघालं, की दोघं एकाच गल्लीतल्या बेकरीतून पाव आणायचे! पुन्हा भांडले — पण खुर्च्या जवळ ओढून.

मला कुठलं राहवतंय? मधे नाक खुपसलं. म्हटलं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. नबील हसला, सगळ्यांदेखत म्हणाला, "पंचाचं बरं असतं रे. भांडण मिटलं नाही तरी त्याला घरी जाता येतं."

सगळे हसले. फ्राऊ रोझेन्थालसुद्धा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मी आधीच सांगितलं असतं, नाही का?

वॉर्डन मागे उभा होता, पण त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावलं. हा माणूस हिटलरच्या काळात गणवेश चढवून सगळ्यांबरोबर हात वर करत होता. आता त्याला एक अरब हवा होता, ज्याच्याकडे बोट दाखवलं की आपण धुतल्या तांदळासारखे. किळस येते मला असल्या माणसांची. त्याने विचारलं, त्या बाईंना तो काय बोलला? तुम्ही सत्याग्रहाच्या देशातले, तुम्ही खोटं सांगणार नाही.

मी सांगितलं — ज्यूंना समुद्रात बुडवलं पाहिजे, असं म्हणाला.

नबील असलं काही कधीच बोलला नव्हता. ते वाक्यही मी कुठल्याशा वर्तमानपत्रातून उचललेलं. वॉर्डनने ते टाइप केलं, मी खाली सही ठोकली. सुवाच्य.

दोन दिवसांत त्याला खोली सोडावी लागली. परदेशी लोकांच्या पोलीस कचेरीने आठवड्याची मुदत दिली. माझं पातेलं त्याच्याकडे होतं. जाताना घासूनपुसून आणून दिलं. त्याला वाटत होतं वॉर्डननेच हे रचलंय. म्हणाला, तू प्रतिनिधी आहेस, तू तिथे होतास, एकदा माझ्यासाठी बोल. मी म्हणालो, बघतो.

तीन दिवसांनी फ्राऊ रोझेन्थाल वसतिगृहात आल्या. हातात एक जुना फोटो — हैफातल्या त्या गल्लीचा, कडेला बेकरीची पाटी. नबीलला द्यायला आणलेला. तो कुठे आहे? का गेला? मुदत अजून संपली नव्हती, तो स्टेशनजवळ एका ओळखीच्याकडे राहिला होता. मी खरं बोललो असतो तर ती बाई तशीच वॉर्डनच्या खोलीत शिरली असती, पोलीस कचेरीत जाऊन बसली असती. तिच्या शब्दापुढे माझा कागद टिकला नसता. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

मी त्यांनाही तेच समुद्राचं वाक्य सांगितलं. तुम्ही निघून गेल्यावर म्हणाला, असं सांगितलं.

 त्यांनी फोटो पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली.

"म्हणजे तोही तसलाच," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "गेनाऊ."