एकाच खरेपणाचे दोन अहवाल

छातीभोवती रबरी नळ्या आवळताना तो माणूस मला म्हणाला, "सैल बसा." अजूनही कुणी मला सैल बसायला सांगितलं की माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी लॅबमध्ये केमिस्ट होते. घर पेणला. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं, असं सात वर्षं चाललं होतं. लॅबच्या कपाटात प्लॅटिनमची एक वाटी असायची. भट्टीत नमुना जाळून त्याची राख तोलायची असली की ती बाहेर निघायची. आकाराने अर्ध्या लिंबाएवढी, पण लॅबमधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त जपलेली. एका सोमवारी कपाट उघडलं तर ती जागेवर नव्हती. चाव्या तिघांकडे होत्या: लॅबचे इनचार्ज साहेब, माझ्याबरोबरचा दुसरा केमिस्ट आणि मी.

"पोलिसांना कळवा," असं पहिल्यांदा मीच म्हणाले. पण मॅनेजरना पोलीस नको होते; कंपनीचं नाव कशाला खराब करायचं? त्यांनी मुंबईहून खोटं पकडणारा माणूस बोलावला. खाजगी एजन्सीचा. लॅपटॉप, नळ्या आणि बोटांना लावायचे चिमटे घेऊन तो येणार होता.

मॅनेजरनी आम्हा दोघा केमिस्टांपुढे एकेक कागद ठेवला. 'मी स्वखुशीने ही चाचणी देत आहे.'

"आणि सही नाही केली तर?" मी विचारलं.

"नका करू," मॅनेजर म्हणाले. "मग लोक काय समजायचं ते समजतील."

"साहेबांची पण टेस्ट आहे ना?"

"ते मॅनेजमेंटमध्ये येतात, मॅडम."

मी सही केली. माझ्या स्वखुशीची किंमत तेवढीच होती.

संध्याकाळच्या गाडीत, निडी स्टेशन सोडल्यावर, तो दुसरा केमिस्ट माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने मोबाइलवर सगळा अभ्यास करून ठेवला होता.

"मॅडम, चोरीच्या प्रश्नाला काय करायचंच नाय. पण मधेमधे ते दुसरे प्रश्न टाकतात, आयुष्यात कधी कुणाला फसवलंत का, असले. तेव्हा बुटातल्या बुटात अंगठा जोरात दाबायचा. तिथली रेघ उंच गेली की चोरीची रेघ आपोआप ठेंगणी दिसते. आपण सुटलो."

"तू घेतलीयस का ती वाटी?"

"नाय हो! म्हणून तर. आपण घेतली नाय हे त्या यंत्राला कुठं ठाऊक हाय?"

मला त्याची किळस आली. खऱ्या माणसाला असली नाटकं कशाला लागतात, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. तो उठून दुसऱ्या बाकावर गेला.

चाचणी कॉन्फरन्स रूममध्ये झाली. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना चिमटे. एसी इतका थंड की माझी नखं निळी पडली होती. त्या माणसाने आवाज न चढवता विचारलं, "आयुष्यात कधी कुणाचा विश्वास मोडलात का?" मी नाही म्हणाले. मग, "प्लॅटिनमची वाटी तुम्ही घेतलीत का?"

हा प्रश्न सात वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. छातीत धाडकन झालं. भीतीने नाही, संतापाने. पण यंत्राला संताप आणि चोरी यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे वर गेलेली रेघच.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. केमिस्ट खरा, मी खोटी. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी घरी थांबायचं असं ठरलं.

माझे वडील डोलवीच्या बाजूला खाडीकाठी मिठागरात राबून म्हातारे झालेले. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मान खाली घालून म्हणाले, "खरं सांग गो. तू नाय ना घेतलीस?"

मी ताटावरून उठले. मॅनेजरचा राग आला होता, त्या नळ्यावाल्याचा आला होता, पण वडिलांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. ते नंतर दहा वेळा म्हणाले, "चुकलंच माझं." चुकलंच होतं.

पेणमधल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी अहवाल वाचून टेबलावर टाकला. "याला कोर्टात काही किंमत नाही. पण त्यांना कोर्टात जायचंय कुठे? तुम्ही कंटाळून राजीनामा द्यावा, एवढंच त्यांना हवंय."

मी त्या केमिस्टला फोन केला. "तू काय केलंस ते मॅनेजरना सांग. यंत्र फसतं एवढंच सांग."

"मॅडम, मला त्यात ओढू नका. माझी मुलगी लहान हाय."

मी फोन ठेवला. मग वकीलबाईंच्या पत्राने दुसरी चाचणी मागितली. कंपनीने लगेच हो म्हटलं. मी खचले, आता कबूल करणार, असं त्यांना वाटलं असावं.

तीच खोली, तोच माणूस, तेच प्रश्न. या वेळी मी विश्वास मोडण्याच्या प्रश्नाला अंगठा बुटाच्या तळाला इतका दाबला की पोटरीत गोळा आला. चोरीच्या प्रश्नाला मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतली घरं मोजली. तासाभराने त्याने मॅनेजरना आत बोलावलं आणि सांगितलं, "या वेळी खऱ्या वाटतात."

"मी अंगठा दाबत होते," मी म्हणाले. "वाटी मी तेव्हाही घेतली नव्हती, आताही घेतलेली नाही. आता सांगा, तुमचा कुठला अहवाल खरा?"

तो माणूस मॅनेजरकडे वळला. म्हणाला, "सर, यंत्राला फसवायचा प्रयत्न हीच अपराध्याची खूण असते."

मॅनेजरनी मान डोलावली. मी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. खरं बोलले तर खोटी, सुटले तर लबाड. त्या खोलीत माझ्यासाठी तिसरी खुर्चीच नव्हती.

महिना-दीड महिन्याने कंपनीत कुरियर आलं. आत ती वाटी होती, ठोकून सरळ केलेली, चकचकीत. तिचा काठ वाकला म्हणून इनचार्ज साहेबांनीच ती मुंबईला दुरुस्तीला पाठवली होती. गेटपासवर त्यांचीच सही. ते विसरले होते म्हणे. गेटची वही उघडून बघावी असं इतक्या दिवसांत एकालाही सुचलं नव्हतं.

मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, विषय संपला. उद्यापासून या."

मी गेले, पण लॅबमध्ये नाही, थेट त्यांच्या केबिनमध्ये. "माझ्या फायलीतले दोन्ही अहवाल काढा आणि माझी चूक नव्हती असं लिहून द्या."

"अहो, आता कशाला वाढवताय?"

"लिहून मिळेपर्यंत मी इथून उठणार नाही."

जेवणाची सुट्टी झाली, शिफ्ट बदलली, दोन माणसं आत डोकावून गेली. चार वाजता दोन ओळींचं पत्र मिळालं. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता. ते पत्र पर्समध्ये घातलं आणि त्याच टेबलावर राजीनामा लिहिला. आता पेणच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

मागच्या वर्षी पेणजवळच्या जोह्याला गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला गेले होते. मूर्तींच्या कारखान्यात इनचार्ज साहेब बायकोबरोबर उभे. आता रिटायर झालेत, केस पांढरे. मला बघून पुढे आले.

"मॅडम, झालं गेलं सोडून द्या. माझ्या मनात काही नव्हतं."

"तुम्ही त्या नळ्या लावून खुर्चीत बसला होतात का कधी?" मी विचारलं.

ते मूर्तींकडे बघू लागले. त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. तिला बहुतेक काहीच माहीत नव्हतं.

"मग मला सोडायला सांगू नका," मी म्हणाले, आणि शेजारच्या कारखान्यात मूर्ती बघायला गेले.