टॉकीजचा भोंगा

गेवराईत आमच्या वस्तीतून टॉकीज दिसायची नाही, ऐकू यायची. खेळाआधी छतावरच्या भोंग्यावर गाणं लागायचं, मग ऑपरेटर ओरडायचा, "या, या, लवकर या!"

आई बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ बघायची. ज्या पाटलीणबाईंच्या रानात ती खुरपायला जायची, त्यांच्या घरी ती अंगणातच टेकायची. टॉकीजमध्ये त्याच बाई शेजारच्या खुर्चीवर आल्या, तरी आई उठायची नाही. तिकीट काढलेलं असायचं. समतेवरची पत्रकं वाचत मी वाढलो. आईची समता त्या खुर्चीत होती.

त्या दुपारी गाणं न लागताच भोंगा ओरडला, "या, या, लवकर या! आग लागली! पाणी आणा!"

चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "नवा पिच्चर लागला बे. नाव लई भारी हाय, आग लागली!"

"पाणी बी घरून न्यायचं म्हणतोय. मालक चिंगूस!"

सगळे हसले. तेवढ्यात आई घागर काखेला मारून धावत आली. "आरं मुडद्यांनो, गाणं कुठं लागलंय? गाण्याबिगर कधी बोलावलंय का त्यानं? पळा!"

आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेटर बाहेर येऊन खोकत बसला होता आणि छत कोसळत होतं. बंब अजून यायचा होता. नळाला पाणी नव्हतं. आईच्या घागरीत प्यायचं पाणी होतं.

"कुठं टाकू रं?" तिनं मला विचारलं.

 भरली घागर तशीच घरी आली. संध्याकाळी आम्ही तेच पाणी प्यालो.

मी पत्रक लिहिलं: आगीची चौकशी करा, टॉकीज पुन्हा बांधा, जागा दुकानांच्या घशात घालू नका. आईनं चिकटवायला पिठाची खळ शिजवली. पुढची भिंत अजून उभी होती. आमच्या वस्तीची पत्रकं कायम तिथंच, पोस्टरांच्या शेजारी लागायची. मी कागद चिकटवला, तो काजळी घेऊन खाली आला. दुसराही आला.

"दाबून धर," आई म्हणाली.

मी दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. बाजाराचा दिवस होता. पाटलीणबाई पिशवी घेऊन समोरून चालल्या होत्या. पत्रकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"उद्या खुरपायला ये गं," त्या न थांबताच म्हणाल्या.

आईनं पदर सावरला. "येते, बाई."

मी भिंत धरून उभा होतो. हात काढला असता, तर कागद पडला असता.