घरमालकांचा जर्मन रविवार

जन्मभर नागपुरात राहून जर्मनीतल्या एका दरीचा रहिवासी झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. वर्ध्याच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. पण दक्षिण जर्मनीतल्या त्या दरीत कुठल्या रविवारी कुठल्या गावाची जत्रा, कुठे बँडबाजा, कुठल्या डोंगरावर सहल, हे त्यांना आपल्या धरमपेठेतल्या लग्नकार्यांपेक्षा नीट ठाऊक असे. परदेशी पोस्टाची तिकिटं जमवायच्या नादात त्यांनी एकदा तिथल्या प्रवासी कचेरीला पत्र टाकलं होतं. उत्तरादाखल वर्षभराच्या कार्यक्रमांची पुस्तिका आली आणि मग दर जानेवारीत येतच राहिली. कॉलेजात जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंकडून ते ती वाचून घेत आणि समासात पेन्सिलीने मराठी लिहून ठेवत. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली; निवृत्त होताना साहेबांनी एक जुना शिक्का आठवण म्हणून दिलेला. पुस्तिका पाकिटातून निघाली रे निघाली, की तिच्यावर आधी ‘आवक’ उमटे.

हे सगळं त्यांच्यापुरतं राहिलं असतं तर आमची काही हरकत नव्हती. पण व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर दर शनिवारी दोन रकाने भरले जात, ‘तिकडे’ आणि ‘इकडे’. तिकडे पवनचक्कीपर्यंत सहकुटुंब पदयात्रा असली की इकडे आम्ही तीन भाडेकरू बायकांसह सकाळी सहाला तेलंगखेडीच्या तळ्याच्या वाटेवर. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नळाचा कॉक घरमालकांच्या अंगणात होता. तिकडे सहल पुरी करणाऱ्याच्या कार्डावर शिक्का मारतात म्हणून आम्हालाही कार्डं मिळाली होती, आणि तळ्याकाठी पोचल्यावर आम्ही घामाघूम होऊन एकेक करून ‘आवक’ होत असू. पुस्तिकेतल्या एका फोटोत लोक हिरवळीवर बसून खात होते आणि गवतावर कचऱ्याचा कण नव्हता. तेवढ्यावरून आमच्यासाठी नियम निघाला, की संत्र्याची सालं खिशात घालून घरी आणायची. आमची ही एकदा कंटाळून म्हणाली, “मले तं वाटते, घरमालकायचं सासर तिकडचंच असन.” खरं तर त्यांची बायको फार लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हे आठवून तिनेच मग पडलेली सालं वेचून खिशात घातली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवून शेवटी जाळायचे ते भलेमोठे पुतळे, पाहायला ते आम्हाला हटकून जुन्या शहरातल्या महाल भागात नेत. काळी मारबत, पिवळी मारबत, गर्दी, आरडाओरडा, आणि त्यात हे माझा दंड धरून ओरडत, “तिकडचे लोकबी थंडी सरताना गवताची म्हातारी बनवते अन् जाळते! माणूस सगळीकडं आपलाच राहते गा, भाऊ!” एवढा आनंद मी पगारवाढ झालेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

एका जानेवारीत मात्र पुस्तिका आली नाही. त्यांनी दोन पत्रं टाकली. पोस्टमनच्या वेळेला ते फाटकाशी उभे राहू लागले. मला म्हणाले, “तिकडं काही बरंवाईट तं नाही झालं ना? एवढे टायमाचे पक्के लोक, असे चूप काहून बसले?” आपल्याला वगळलं याचं दुःख त्यांना नव्हतं, अख्ख्या दरीची काळजी लागली होती. ‘तिकडे’ कोरं राहिलं, म्हणून ‘इकडे’ही कोरं. पहिल्या रविवारी आम्ही आठपर्यंत झोपलो आणि सुटलो म्हणालो. दुसऱ्या रविवारीही म्हणालो. तिसऱ्या रविवारी मी साडेपाचलाच जागा झालो, बूट घालून व्हरांड्यात आलो, तर ते कोऱ्या फळ्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. मला फार वाईट वाटलं.

पुढे फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते भाजीला गेले असताना मीच खडू घेतला आणि लिहिलं, ‘तिकडे: द्राक्षांची जत्रा. इकडे: सेमिनरी हिल्स, सकाळी सहा.’ ते परतले, पिशवी हातात तशीच ठेवून वाचत उभे राहिले. मग आमच्या दाराकडे वळले.

“हे कोणं लिहिलं?”

मी खडूने माखलेली बोटं पाठीमागे नेली.

“फेब्रुवारीत द्राक्षं कुठून येतीन गा तिकडं? बर्फ राहते आता तिथं, बर्फ!”

सदऱ्याच्या बाहीने त्यांनी माझी द्राक्षं पुसली. पुस्तिका नव्हती, समासातली पेन्सिल नव्हती. मग सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘गवताची म्हातारी जाळणे.’ आणि खडू झटकत म्हणाले, “सहाले येजा. कार्ड विसरू नका.”

पुस्तिका नंतर कधीच आली नाही. फळा मात्र एकाही शनिवारी कोरा राहिला नाही. सगळं वर्ष त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यात चूक काढायला आम्ही कोण! माझी बदली झाली. पुढे तीन-चार वर्षांत ते गेल्याचं पत्राने कळलं. माझ्या कार्डावर एकशे बारा वेळा ‘आवक’ आहे. ती दरी मी पाहिलेली नाही, तिचं नावही मला धड उच्चारता येत नाही. पण थंडी सरत आली की संत्र्याची सालं खिशात घालता घालता मलाच काळजी वाटते, की तिकडे सगळं ठीक असेल ना.