कैलास टेमघरेचं स्पॅनिश

कासार आंबोलीच्या कैलास टेमघरेला स्पॅनिश येतं, असं गावात अजून बरेच जण म्हणतात. कैलास स्वतः म्हणत नाही. टपरीवर कुणी चेष्टेनं स्पॅनिश नमस्कार ठोकत "ओला, साहेब" अशी हाक मारली, तर तो चहा अर्धा टाकून उठतो. लोकांना वाटतं, माणूस विनयी आहे. विनय कसला डोंबलाचा! लाज आहे ती, आणि ती त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलेली आहे.

कैलास पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर. वय एकेचाळीस, आयटीआय झालेला, हात साफ, बोलणं कमी. दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं स्पेनहून तेलाच्या दाबावर पत्रा वाकवणारा मोठा हायड्रॉलिक प्रेस मागवायचं ठरवलं. मशीन बसवायला तिकडचा माणूस येणार होता आणि त्याला इंग्रजी जेमतेमच येत होतं. मॅनेजर निरंजन सरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "वर्षभर स्पॅनिश शिकायला कोण जाईल? फी कंपनी भरेल." सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले. तेवढ्यात कैलासच्या बरगडीत मागून एक कोपर बसलं आणि त्याचा हात वर गेला.

कोपर कुशाबातात्यांचं होतं. तात्या जुन्या प्रेसवरचे ऑपरेटर, छप्पन्न वर्षांचे, कोळवणचे. शाळा चौथीत सुटली, पण पत्र्यावर घाव पडल्याचा आवाज ऐकून डाय, म्हणजे साचा, कुठं झिजलाय ते सांगणार. कैलासला या कारखान्यात चिकटवलं ते त्यांनीच. पोरगं आपलं आहे आणि पुढं गेलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

मग दर रविवारी कैलास पिरंगुटहून बस धरून कोथरूडला जायला लागला. वर्गात वीस-बावीस वर्षांची मुलंमुली, परदेशात शिकायला निघालेली. शिकवणारी ज्ञानदा सव्वीस वर्षांची. हा आपला शेवटच्या बाकावर, डोईवर पांढरे केस डोकावतायत, पुढ्यात मुलाची उरलेली वही. उच्चारांचं त्याला जड गेलं नाही. स्पॅनिशमधले त आणि द ऐकून त्याला गावचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. क्रियापदांची रूपं त्यानं लहानपणी पाढे पाठ केले तशी बसमध्ये डोळे मिटून पाठ केली. कागदावर हा गडी पक्का.

घोडं अडलं ते ऐकण्याबोलण्यात. ध्वनिफितीवरची बाई बोलायला लागली की पहिले चार शब्द त्याच्या हाती लागायचे. त्यांचा अर्थ लावेपर्यंत पुढचे चाळीस निघून गेलेले असायचे. आणि बोलायची पाळी आली की नजर वहीत. वाक्य मनात जुळवायचं, तपासायचं, पुन्हा तपासायचं, तोवर शेजारची पोरगी चार चुका करत बोलून मोकळी. ज्ञानदा म्हणायची, "कैलासकाका, चुकीचं बोला, पण बोला. नाही कळलं तर 'नो एंतिएन्दो' म्हणा, मला समजलं नाही. पहिल्याच पानावर आहे ते." कैलास मान डोलवायचा. ते वाक्य त्यानं वहीत दहा वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि तोंडानं एकदाही म्हटलं नाही. पोराच्या वयाच्या मुलांसमोर मला समजलं नाही म्हणायचं म्हणजे काय!

वर्षाअखेरी पहिल्या पायरीची परीक्षा झाली. लेखीच्या जोरावर कैलास पास झाला. ऐकण्याच्या भागात पंचवीसपैकी नऊ गुण होते, पण ते त्यानं कुणाला सांगितले नाहीत आणि कुणी विचारलेही नाहीत. आपल्याकडे पास म्हणजे पास. आठ दिवसांत तरुण मंडळानं गावच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. 'कासार आंबोलीचे सुपुत्र मा. कैलासशेठ टेमघरे यांची स्पॅनिश भाषेत उत्तुंग भरारी.' मधोमध गॉगल लावलेला कैलास, मागे विमान, खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. ग्रामसभेत शाल-नारळ झाला. बायकोनं, पिंकीनं, तो फोटो माहेरच्या सगळ्यांना पाठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कैलासची मूठ गावानंच दोरीनं करकचून बांधली, आता ती उघडणार कशी?

पावसाळा संपल्यावर मशीन आलं आणि मागोमाग रामोन आला. उंच, हसरा, सतत हातवारे करणारा माणूस. पुस्तकातलं स्पॅनिश बैलगाडीनं यायचं, रामोनचं मोटरसायकलवरून आलं आणि धुरळा उडवत गेलं. पहिल्या दिवशी कैलासला दहातलं एक वाक्य कळलं. पण रामोन खुणा करायचा, स्क्रूपान्याची भाषा दोघांची एकच, त्यामुळे मशीन बसेपर्यंत निभावलं. न कळलेल्या प्रत्येक जागी कैलास हसून "सी, सी" म्हणायचा. हो, हो. एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायची सोय उरत नाही, हे त्याला कळत होतं. तरी तोंडातून तेच निघायचं.

चौथ्या दिवशी प्रशिक्षण. निरंजन सर पुढं, ऑपरेटर गोल करून उभे, कुशाबातात्या सगळ्यांत जवळ, कारण मशीन त्यांच्याकडं जाणार होतं. घरी पुन्हा ऐकावं म्हणून कैलासनं खिशातला मोबाइल रेकॉर्डिंगला लावला होता. हे ज्ञानदानंच शिकवलं होतं. रामोन प्रेसच्या जबड्याखाली हात धरून गंभीर झाला, एका दमात बरंच काही बोलला आणि मशीनच्या मागे बोट दाखवलं. कैलासला तीनच शब्द सापडले, हात, कधीही नाही, आणि थांबा. मागे मेन स्विचचा डबा होता. रामोननं विचारलं, "एस्ता क्लारो?" स्पष्ट आहे ना? हे मात्र त्याला चटकन कळलं. वीस जोडी डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

"सी, सी. क्लारो," कैलास म्हणाला. मग लोकांकडे वळून खणखणीत आवाजात त्यानं सांगितलं, "मागचा मेन स्विच बंद केल्याबिगर खाली हात घालायचा न्हाई."

तात्या मशीनकडे बघत क्षणभर थांबले, मग मान हलवून म्हणाले, "बरं." मशीनचं इंग्रजी पुस्तकही आलं होतं. ते निरंजन सरांच्या कपाटात प्लॅस्टिकसकट विसावलं होतं. रामोन गेला. रात्री पुन्हा ऐकू म्हटलेलं रेकॉर्डिंग कैलासनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर किती कळलं नाही ते कळलं असतं.

तीन आठवड्यांनी, सकाळच्या पाळीत, पत्रा अडकला. तात्यांनी मेन स्विच बंद केला, हात घातला. बंद मशीनचा जबडा आतल्या तेलाच्या दाबानं सावकाश खाली आला. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं.

कैलास दवाखान्यात मोसंबी घेऊन गेला. तात्या उशाला टेकून बसले होते, पट्टीतला पांढरा हात पोटावर ठेवून. कैलासनं चाचरत विचारलं, "तात्या, स्विच बंद केला हुता का तुमी?"

"मला तर वाटतंय केला हुता," तात्या म्हणाले. "पर न्हाई केला आसंल. तू तर त्या दिशी सोच्छ सांगितलं हुतंस समद्यांम्होरं. वय झालं रं. इसारलो आसंल."

तिथंच सांगायला हवं होतं. कैलासनं मोसंबी सोलली आणि एकेक फोड तात्यांच्या डाव्या हातावर ठेवली. माणूस स्वतःच्या आठवणीवर अविश्वास दाखवतोय आणि आपण त्याला फळं भरवतोय, हे त्याला दिसत होतं. तरी जीभ हलली नाही. परदेशी भाषेत गोठणारी जीभ आता मायबोलीतही गोठली.

कारखान्यात चौकशीचा कागद तयार झाला. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' तात्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. या कागदावर सही झाली की तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट गाफील माणूस या शिक्क्यानं होणार होता. फक्त एक सोपस्कार राहिला होता, रामोनशी व्हिडिओवर बोलून खात्री करायची. दुभाषी अर्थात कैलास.

मधल्या रविवारी तो दुसऱ्या पायरीच्या वर्गाच्या अर्धा तास आधी पोचला आणि ज्ञानदाला ते रेकॉर्डिंग लावून मोबाइल दिला. "यात काय म्हटलंय, जरा सांगा," एवढंच म्हणाला. तिनं एकदाच ऐकलं आणि सहज सांगितलं, "मशीन बंद केलं, मेन स्विच बंद केला, तरी हात कधीही घालू नका. आत दाब राहतो. मागचा लाल कॉक उघडून दाब सोडा आणि दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा." पुढं रेकॉर्डिंगमध्ये कैलासचा आवाज आला, "सी, सी. क्लारो." ज्ञानदा हसली. "काका, कळलं नव्हतं तर 'सी' कशाला म्हणालात?"

तिला काही ठाऊक नव्हतं. कैलासनं सांगितलं तेव्हा तिचं हसू गेलं. ती त्याला रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त मोबाइल हातात धरून बसून राहिली. त्या दिवशी कैलास वर्गात बसला नाही. परतीच्या बसमध्ये त्यानं ते बावीस सेकंद सतरा वेळा ऐकली. अकराव्या वेळेपासून प्रत्येक शब्द सुटा ऐकू यायला लागला. इतकं सोपं होतं ते.

मंगळवारी केबिनमध्ये निरंजन सर, पट्टी बांधलेले तात्या आणि कैलास बसले. पडद्यावर रामोन आला, न हसता. त्यानं एकच प्रश्न विचारला, लाल कॉक उघडायला मी सांगितलं होतं, ते यांना माहीत नव्हतं का?

रामोनचं एक सबंध वाक्य कैलासला पहिल्यांदाच पुरतं समजलं ते हे. त्या खोलीत ते फक्त त्यालाच समजलं होतं. तो काहीही सांगू शकत होता. "रामोन म्हणतोय, मी स्विच बंद करायला सांगितलं होतं," एवढं कैलास म्हणाला असता तरी प्रकरण मिटलं असतं, आणि तात्यांनी मान डोलावली असती.

"काय म्हणतोय तो?" सरांनी विचारलं.

कैलास पडद्याकडे वळला. वाक्य जुळवलं नाही, तपासलं नाही. "नो एंतिएन्दो," तो मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "त्या दिवशी. मी. समजलं नाही. हा माणूस चांगला. हा काम नीट करतो. मी 'सी' बोललो, खोटं." क्रियापदं सगळी चुकली, काळ चुकला, एक शब्द तर मराठीच निघाला. रामोननं एकदाही मध्ये तोडलं नाही. त्याला सगळं समजलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग कैलासनं तेच मराठीत सांगितलं. ते जास्त अवघड होतं, कारण चुका करायला जागा नव्हती. मोबाइल टेबलावर ठेवून त्यानं ते बावीस सेकंद वाजवले आणि एकेक वाक्याचा अर्थ सांगितला. तात्यांकडे बघायचं त्यानं टाळलं. निरंजन सर त्या न उघडलेल्या पुस्तकाच्या कपाटाकडे बघत होते. शेवटी त्यांनी चौकशीचा कागद फाडला आणि म्हणाले, "नवीन लिहावा लागेल. तुझं नाव येईल त्यात, कैलास. आणि माझंही येईल."

कैलास आणि तात्या बसथांब्यावर येऊन उभे राहिले. भर दुपार, कोळवणची एसटी यायला वेळ होता. कैलास म्हणाला, "तात्या, माराच मला. पर आसं गप ऱ्हाऊ नका."

तात्यांनी पट्टीचा हात दुसऱ्या हातावर ठेवला. "म्हंजे स्विच मी बंद केला हुता," ते म्हणाले. "चार राती झोप न्हाई मला, त्यो इच्यार करून."

कैलासला हुंदका आला. तात्या रस्त्याकडे बघत बोलत राहिले.

"त्या दिशी त्यो गोरा बोलला लई आन तू सांगितलंस येवढंच. मला वाटलं बी, काय तरी ऱ्हायलं हाय. त्याचं बोट स्विचकडं न्हवतं. म्या म्हन्नार हुतो, कैलास, त्याला पुन्यांदा इच्यार."

"मंग का न्हाई म्हनलात, तात्या?"

"समदी उभी हुती, सायब हुता. म्हटलं, पोराला कमीपना नगं."

एसटी आली. तात्यांनी डाव्या हातानं दांडा धरून पायरी चढायचा प्रयत्न केला, पण जमेना. कैलासनं खालून त्यांना आधार देऊन वर चढवलं आणि गाडी गेल्यावरही तो तिथंच उभा राहिला.