भाकर मोडून देणारे मारोतीमामा

ज्या एका ओळीवर तुम्ही मला आजवर टाळ्या दिल्या, ती ओळ माझी नाही.

ती ज्यांची होती, ते मारोतीमामा आज सकाळी गेले.

पिंगळीजवळच्या खेड्यातले. रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन. शाळेची पायरी चढले नाहीत. पण श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की अर्थ सांगायला मामाच.

एकानं ओवी वाचायची आणि थांबायचं. मग मामा आपल्या बोलीत तिचा अर्थ सांगणार. वाचणारे किती बदलले. अर्थ सांगणारा तोच राहिला.

मी त्या गावात पहिल्यांदा गेले ती भांडायलाच.

वाचनालयाचा कार्यक्रम होता. आमचं घर बौद्ध. पोथी आमच्याकडं कधी लागली नाही, पण वाचलेलं भरपूर होतं आणि डोक्यात राग होता. रानातल्या त्या पोराबद्दल तासभर बोलले, ज्याचा अंगठा गुरूनं दक्षिणा म्हणून मागून घेतला. म्हणाले, तुम्ही पिढ्यान् पिढ्या हे मुकाट ऐकलंत. आता नव्या कवींनी, नाटककारांनी, चित्रकारांनी या महाकाव्याला जाब विचारलाय!

मागून एक म्हातारा उठला.

"बाई, बोल्लाव लय भारी. पर एक सांगा. अंगठा देऊन त्यो घरी गेला. सांजच्याला जेवायला बसला. डाव्या हातानं खावं तर माय हाणती. उजव्याला अंगठा न्हाई. मग त्याची भाकर कोन मोडली?"

सभा हसली. मला हसू आलं नाही. 

कार्यक्रम संपल्यावर मीच त्यांना गाठलं. "हे तुम्ही देवळात विचारता?"

"दरसाल इचारतो. बाया रडतेत. म्हातारे खेकसतेत, पोथीत न्हाई ते कायला सांगायलास म्हून." मग स्वतःचा अंगठा माझ्यापुढं धरून म्हणाले, "मी अंगठेबहाद्दर मानूस, बाई. सही म्हून जलमभर ह्योच लावला. मी न्हाई काळजी करायची तर कोन?"

त्या एका प्रश्नातून माझं एकपात्री उभं राहिलं. त्या पोराच्या आईचं. परभणी, मानवत, पूर्णा, मग थेट पुणे. शेवटची ओळ तुमच्यातल्या कित्येकांना पाठ आहे: "आज माझ्या लेकराची भाकर कोण मोडणार?"

पहिल्या प्रयोगाला मामांना परभणीला आणलं होतं. पडदा पडल्यावर मला म्हणाले, "माझ्या भाकरीवर लोक टाळ्या वाजवायलेत की वो बाई!"

खूश होते.

मग एका मुलाखतीत मला विचारलं, हे कसं सुचलं?

मी म्हणाले, एकदा जेवताना सुचलं.

का म्हणाले, ते मला माहीत आहे. 'सुचलं' म्हणताना बरं वाटलं.

ते छापून आलं. नातीनं मामांना वाचून दाखवलं. पुढं भेट झाली तेव्हा मामा हसतच होते. "बाई, जेवलाव तुमीच. पर भाकर मोडून म्या देली व्हती."

मला वर बघवेना. "पुढच्या प्रयोगाला स्टेजवरून तुमचं नाव घेते, मामा."

"घ्या की. मी कुटं पळायलोय?"

पुढचा प्रयोग झाला. प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची होती.

त्याच्या पुढचा झाला. माइक बिघडला.

त्यानंतरच्या प्रयोगाला काहीच कारण नव्हतं. तरी घेतलं नाही.

जगातल्या अन्यायावर दोन-दोन तास बोलणारी मी. एक नाव घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

या उन्हाळ्यात मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

मी पोचले तेव्हा मामी दुधात भाकर कुस्करून त्यांना भरवत होत्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. माझंच नाटक माझ्यासमोर चाललं होतं आणि मला त्यातला एक शब्द बदलता येत नव्हता.

मामी म्हणाल्या, "पोथी वाचा थोडी. ऐकली की शांत पडतेत."

वाचली. ओवी संपली तशी मी थांबले. रीतच तशी.

मामांचं तोंड उघडलं. "भ... भ..."

कपाळावर घाम आला. शब्द आला नाही. 

"तुमी सांगा की अर्थ," मामी म्हणाल्या. "तुमी तर बोलनाऱ्या."

मला अर्थ सांगता येईना. एवढंच म्हणाले, "भाकरीचा प्रश्न मामांचा आहे. मी तो चोरला."

हजार माणसांपुढं म्हणायचं ते पाच माणसांपुढं म्हटलं. पाचही घरचीच. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

मामांना कळलं का? त्यांनी डोळे मिटले होते. मी बराच वेळ त्यांचा हात धरून बसले. तो उजवा होता. त्या हाताला काही कळत नाही, हे मामींनी मला निघताना सांगितलं.

उद्या कुठल्या तरी परिसंवादात आम्ही पुन्हा म्हणू, महाकाव्य आधुनिक साहित्यात जिवंत आहे. आहेच! पण आमच्यामुळं नाही. प्रश्न आधी देवळाच्या पायरीवर विचारला जातो. आम्ही तो उचलतो, छापतो आणि खाली स्वतःची सही करतो.

म्हणून इथं लिहिते.

मारोती लिंबाजी ढगे. गँगमन. नाटकाची शेवटची ओळ त्यांची. त्या ओळीवाचून नाटकात काही उरत नाही, म्हणून नाटकही त्यांचं.

यापुढं प्रत्येक प्रयोगाला हे नाव घेईन. ऐकणारा एक माणूस कमी असेल. तोच हवा होता.

श्रावणात पुन्हा पोथी लागेल. ओवी संपली की वाचणारा सवयीनं थांबेल.

मामा, लय उशीर केला मी. ही तुमच्या बाईची श्रद्धांजली.